डाव्या कोपऱ्यातला डाग

प्रिय मुंगी,

तू पाठवलेला त्या जुन्या मालिकेचा भाग आम्ही बघितला. तू फोनवर दोनदा विचारलंस, ‘बाबा, कसा वाटला?’ आणि दोन्ही वेळा मी ‘छान’ म्हणून फोन आईकडे दिला. तुला ते खटकलं असणार. लहानपणी तू चित्र काढून आणायचीस आणि मी नुसतं ‘छान’ म्हटलं की गाल फुगवायचीस, ‘छान म्हणजे काय छान? नीट सांग.’ तेव्हा आता नीट सांगतो. हे फोनवर मला जमणार नाही. पलीकडून कुणाचा श्वास ऐकू आला की माझं वाक्य मधेच मोडतं, आणि हे मोडून चालणार नाही.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा जिना चढताना बोलतो, उतरताना गप्प असतो. माझ्याकडे सध्या एका बिल्डरचं काम आहे. इमारत उभी राहायच्या आधी गिऱ्हाइकाला दाखवायची पुठ्ठ्याची इमारत, स्पंजची झाडं, तांदळाएवढ्या मोटारी. हा गृहस्थ रोज येऊन म्हणतो, झाडं वाढवा. मी विचारलं, खरी किती लावणार? तर म्हणाला, ‘तुम्ही लावा हो, तुमची काय पाणी मागतात?’ कात्री तीच, गोंद तोच, नखांत अडकणारा रंगही तोच. फरक एवढाच, की आता केलेलं काम शेवटी उडवायचं नसतं.

टीव्हीसाठी आम्ही केलेल्या त्या अवकाशयुद्धाच्या मालिकेच्या गमती तेवढ्या तुला माहीत आहेत. तूच त्या पुन्हा पुन्हा सांगायला लावायचीस. साबणाच्या जुन्या गोदामात आमचं अवकाश होतं, आणि कितीही रंग दिला तरी त्या अवकाशाला साबणाचा वास यायचा. शत्रूचं मोठं यान म्हणजे टेबलफॅनची जाळी, तिच्यात उलटी बसवलेली चाळण आणि मागे तुटक्या मिक्सरची भांडी. आपलं यान म्हणजे शाम्पूच्या बाटल्या, कंगव्याचे दात आणि बंद पडलेल्या रेडिओचं पोट. तुझा काका म्हणायचा, ‘दादा, ही दोन ग्रहांची लढाई नाहीच. न्हाणीघर विरुद्ध स्वयंपाकघर आहे.’ तारे म्हणजे काळ्या कापडाला सुईने पाडलेली भोकं आणि मागे लावलेले दिवे. कापड हललं की तारे डोलायचे, म्हणून गोदामात पंखा लावायला बंदी. विश्वाचा पसारा आम्ही घामाने निथळत मांडत होतो.

लेखक मजकूर लिहून द्यायचा की शत्रूची हजार यानं चालून येत आहेत. आमच्याकडे तीन होती. दोन आरसे समोरासमोर ठेवून आम्ही त्यांची रांग लावायचो, उरलेली यानं सेनापतीच्या डोळ्यांत दिसायची. सेनापतीचं काम करणारे नट नाटकातले, वयाने मोठे. यानाला तोफगोळा लागला की एकाने कॅमेरा तिरका करायचा, ‘डावीकडे!’ असं ओरडायचं, आणि सगळ्यांनी एकदम डावीकडे कोलमडायचं, अशी आमची रीत. हे मात्र जागचे हलत नसत. ‘सेनापती झुकत नसतो,’ म्हणायचे. सगळं यान आडवं झालेलं आणि हे एकटे खांबासारखे उभे. लोकांना वाटायचं, काय धीराचा माणूस! हे ऐकून तू पलंगावर उभी राहायचीस आणि ‘मी झुकणार नाही’ म्हणत धाडकन पडायचीस.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो.

त्या गोदामात मी यानं करायचो, पण ती चालवायचा काका. मी त्याला गावाहून आणलं होतं. आम्ही दोघंही गावच्या शाळेत एकाच गुरुजींकडे शिकलो. माझ्यापाशी चिकाटी होती, त्याच्यापाशी हात होता. तो जन्माचा डावखुरा. गुरुजींनी छड्या मारून मारून पाहिलं, पण पाटीवर अक्षर उमटायचं ते डाव्याच हाताने. यान नायलॉनच्या बारीक दोऱ्यांवर टांगलेलं असायचं. ते थरथरलं की कळायचं, हा डबा आहे. काका चौकटीबाहेर उभा राहून दोऱ्याला दोन बोटं अशी लावायचा की थरथर जागीच विरायची. तोफांच्या किरणांसाठी वेगळं यंत्र नव्हतं. धुऊन आलेल्या फिल्मवर एकेका चौकटीत सुईने सरळ रेघ ओरखडायची, की पडद्यावर किरण सुटतो. त्या रेघा मी मारल्या तर पावसाच्या सरी दिसायच्या, काकाने मारल्या तर किरण. जेवताना मी त्याला म्हणायचो, ‘हात जपून वापर रे, आपलं घर त्याच्यावर चाललंय.’ तो म्हणायचा, ‘मग तू भांडी घास.’

आणि दिग्दर्शक. तू त्यांना सर म्हणतेस. आम्ही त्यांच्या पाठीमागे ‘रेटा’ म्हणायचो, कारण त्यांच्या तोंडी दुसरा शब्दच नसे. यानाचा पंख निखळला? रेटा. नटाला संवाद आठवत नाही? रेटा. एकदा ताऱ्यांच्या कापडावर पाल चढली आणि आकाशगंगा ओलांडून पलीकडे गेली, तेही त्यांनी रेटून नेलं. पुढच्या भागात लेखकाकडून तिला राक्षसी प्राणी करून घेतलं. मी खोटं बोलणार नाही, त्या माणसात जोर होता. हातात काही नसताना केवळ रेट्याने त्यांनी आकाश उभं केलं. मीही तेव्हा त्यांच्यासाठी जीव टाकत होतो.

मात्र लढाई म्हटली की एकदा तरी काहीतरी फुटायला हवं. त्यासाठी दारू उडवणारा माणूस बाहेरून बोलवायला लागायचा, आणि फुटलेलं यान पुन्हा मिळत नसतं. तेव्हा ठरलं असं, की एकच यान, एकदाच, नीट फोडायचं आणि तोच स्फोट मालिका संपेपर्यंत वापरायचा. कधी चित्र उलटं करायचं, म्हणजे डावं ते उजवं. कधी हिरवी काच लावायची, म्हणजे तो शत्रूचा. म्हणून त्या यानावर मी अक्षरं किंवा आकडे घातलेच नाहीत. आरशात धरलं तरी सारखंच दिसेल असं चिन्ह काढलं, म्हणजे ते आपलंही वाटावं आणि त्यांचंही. त्या चिन्हावर मी किती खूश होतो! आपण मरतो आणि शत्रू मरतो ते एकाच चित्रात, हे तेव्हा मला नुसतं कसब वाटलं होतं.

असा स्फोट टिपताना कॅमेरा फार वेगाने पळवतात, हे तुला मी सांगायला नको. मग पडद्यावर सगळं संथ होतं आणि वीतभर डबा फुटला तरी डोंगर फुटल्यासारखा वाटतो. पण असा कॅमेरा फिल्म गिळत सुटतो. आमच्याकडे होती ती एका वेळेपुरतीच. म्हणजे यान एक, फिल्म एक, संधी एक. दुपारची वेळ होती. सर स्वतः कॅमेऱ्याला डोळा लावून बसले. दारूवाला फळीच्या आड बटण घेऊन, त्याला यान दिसत नव्हतं, सरांनी आवाज दिला की दाबायचं एवढंच ठरलेलं. मी काळ्या कापडामागे दिव्यांपाशी. काका नेहमीच्या जागी, डावीकडे, चौकटीच्या जरा बाहेर. कॅमेरा सुरू झाला, त्याची घरघर चढत गेली, आणि यानाचा पुढचा दोरा सैल पडला. नाक खाली जायला लागलं. काकाने तेच केलं जे तो रोज करायचा. हात पुढे करून दोऱ्याला बोटं लावली. सर ओरडले, ‘रेटा!’

मला स्फोट दिसला नाही. मला इतकंच दिसलं, की कापडाचे सगळे तारे एकाच वेळी पलीकडून पेटले. आम्ही पाडलेलं एकेक भोक माझ्या अंगावर उजळलं. क्षणभर मला ते फार सुंदर वाटलं. मग काकाचा आवाज आला.

दारू वापरायची परवानगी घेतलेली नव्हती. ती मिळायला वेळ लागतो आणि वेळ रेटता येत नाही. म्हणून दवाखान्यात आमच्याआधी व्यवस्थापक पोचला आणि घरी स्टोव्ह भडकल्याचं सांगून मोकळा झाला. मी तोंड उघडणार, तर खाटेवरून काकाच म्हणाला, ‘स्टोव्हच, दादा. स्टोव्ह म्हण. नाहीतर उद्या गोदामाला कुलूप लागेल आणि सगळे घरी बसतील.’ वेदनेने त्याचे दात वाजत होते, आणि त्याला सेनापतीच्या नोकरीची काळजी. सर दुसऱ्या दिवशी आले. त्याच्या उशाशी बसून डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, की मला काही दिसलंच नाही रे, दिसलं असतं तर थांबवलं नसतं का? मी हयात आहे तोवर तुम्हा दोघा भावांना काम आहे. हे दोन्ही आम्ही खरं मानलं. दुसरं खोटं आहे हे मालिका संपल्यावर लगेच कळलं. सर मोठ्या कामांवर गेले आणि आमची सगळी यानं एका टेम्पोत भरून भंगारात गेली. पहिलं मात्र मी इतकी वर्षं खरं धरून चाललो.

म्हणजे काकाच्या हाताचा स्टोव्ह कधी नव्हताच, मुंगी. त्याने ती गोष्ट तुला इतकी रंगवून सांगितली होती, स्टोव्ह कसा नाचला, आजी कशी परातीखाली लपली, की तू हसून लोळायचीस. आजी तर तेव्हा गावी होती. काकाचं लग्न ठरत आलं होतं. मुलीकडचे भेटायला आले, हात पाहिला, चहा अर्धा ठेवून गेले. पुढे त्याने तो विषय कुणाला काढू दिला नाही. डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी राहिली. उजव्याने लिहायला तो नव्याने शिकला. पहिलं पान लिहून मला दाखवलं आणि म्हणाला, ‘गुरुजींना कळव, सुधारलो.’ किल्ल्या करायचं दुकान टाकलं, ते तुला माहीतच आहे. उरलेल्या दोन बोटांनी त्याने तुला बुटाची नाडी बांधायला शिकवली. तू अजून तशीच बांधतेस, मधली बोटं आत दुमडून. शाळेत बाईंनी विचारलं होतं, हे कुठलं गं वळण? तू म्हणालीस, ‘आमच्या घराण्याचं.’

आता स्फोटाचं ऐक. फिल्म धुऊन आली आणि ती फार चांगली निघाली होती. ज्वाळा कशा फुलासारख्या उमलत गेल्या होत्या. फक्त डाव्या कोपऱ्यात तो हात होता. सर म्हणाले, ‘लोक यानाकडे बघतात, कोपऱ्याकडे कोण बघतं? आणि निम्म्या घरांतले टीव्ही कडा खातातच. रेटा.’ मग तो दर आठवड्याला लागायला लागला. चित्राला आवाज नव्हता. वेगाने पळवलेल्या फिल्मला आवाज कुठला? शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं, वर पोकळीत हवा नाही, तिथे कितीही मोठं काही फुटलं तरी आवाज होत नाही. मी सरांना हे कधीतरी सांगितलं होतं, तर ते म्हणाले, ‘गुरुजींना सांगा, आमचा प्रेक्षक हवेत राहतो.’ मग आवाज देणारा पत्र्याच्या पिंपात दगड टाकून ते गडगडवायचा. माझा भाऊ जिथे ओरडला होता, बरोबर तिथे ते पिंप गडगडायचं.

मी उठून बाहेर जायचो. काका मात्र जायचा नाही. पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन तो टीव्हीच्या अगदी जवळ बसायचा. आमच्या टीव्हीवर कडा कापल्या जायच्या, बोटांची टोकं काय ती आत यायची, तेवढ्यासाठी तो मागची बटणं पिळत बसायचा. आणि स्फोट आला की ओरडायचा, ‘आलो! आलो बघ, दादा!’ चित्र उलटं लावलं असेल तर म्हणायचा, ‘आज गुरुजींच्या मर्जीप्रमाणे उजव्या हाताने आलो.’ हिरवी काच लागली की, ‘आज शत्रूकडून लढलो.’ शेजारचे समजायचे, धाकट्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी एकदा चिडून विचारलं, ‘तुला राग कसा येत नाही?’ तो म्हणाला, ‘दादा, येवढी मोठमोठी माणसं त्या मालिकेत कामाला होती, पण दर आठवड्याला न चुकता दिसलो तो मीच ना!’

ते ऐकून मी हसलो नव्हतो. रात्रंदिवस देवाचं नाव घेणाऱ्या माणसाने सरांना क्षमा करावी, असं तुझी आई म्हणते. मी संध्याकाळी देवापुढे बसतो, तेव्हा रोज इतरांची नावं घेत घेत त्या माणसापर्यंत येतो. ‘त्याला क्षमा करायची बुद्धी दे’ असं म्हणायला लागतो आणि मधेच थांबतो. खोटं बोलायला ती जागा नव्हे. पण इतकी वर्षं मला एक आधार होता. त्याला दिसलं नव्हतं. दिसलं नसेल तर तो वाईट नाही, नुसता उतावळा आहे, आणि उतावळ्या माणसाला आज ना उद्या क्षमा होईल. या ‘नव्हतं’वर मी तग धरून होतो.

तो आधार त्या समारंभात गेला. मालिका नव्याने स्वच्छ करून दाखवणार म्हणून तुमच्या कंपनीच्या लोकांनी जो समारंभ केला, तो आम्ही तू पाठवलेल्या दुव्यावर पाहिला. तू मंचावर होतीस. आईने पडद्यावरच्या तुला बोटांनी मोठं करून करून पाहिलं. मुलाखत घेणाऱ्याने सरांना त्या एकाच स्फोटाबद्दल विचारलं आणि सर खुलले. म्हणाले, ‘तो शॉट घेताना गंमत झाली. मी कॅमेऱ्यातून बघतोय आणि डावीकडून काहीतरी आत आलं. मला स्पष्ट दिसलं! दुसरा कुणी असता तर थांबला असता. मी म्हटलं, रेटा!’ सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. तूही हसलीस, बाळा, आणि हसू नये असं तुला कुणी सांगितलंच नव्हतं. मग सरांनी तुला पुढे बोलावलं आणि म्हणाले, ‘माझी ती चूक या मुलीने पुसली.’ तू वाकून नमस्कार केलास. मी काकाकडे बघितलं नाही. तो माझ्या शेजारीच बसला होता. तो इतकंच म्हणाला, ‘दिसलं होतं म्हणायचं.’ रागाने नाही. हरवलेली वस्तू घरातच होती हे कळल्यावर माणूस बोलतो ना, तसं.

‘ती चूक पुसली’ याचा अर्थ आम्हाला तेव्हा कळला नाही. पुढच्या आठवड्यात तुझा भाग आला, सोबत तुझी चिठ्ठी. ‘बाबा, तुमच्या स्फोटात डाव्या कोपऱ्यात एक फिकट डाग होता, पाल चढल्यासारखा. एकेक चौकट घेऊन मी तो काढला. डोळे गेले माझे, पण आता कुणाला शोधूनही सापडणार नाही.’ ही चिठ्ठी मी खिशात ठेवली, काकाला दाखवली नाही. कारण मुंगी, तुला जिथे काम मिळालं तिथेच ही मालिका आली आहे हे कळल्यापासून तो माणूस नुसता नाचत होता. मला शपथ घातली होती, ‘पोरीला काही सांगायचं नाही. आता कोपरे पूर्ण दिसणार म्हणतात. ती एकेक चौकट बघणार. बघूया, माझी पुतणी मला ओळखते का!’ म्हणून मी गप्प होतो. हा आमचा दोघा म्हाताऱ्यांचा खेळ चालला होता, आणि तू त्यात आहेस हे तुलाच ठाऊक नव्हतं.

भाग लावायच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. त्याच्या दुकानाशेजारचे चष्मेवाले आहेत ना, त्यांना सोबत घेऊन. त्यांना त्याने पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच खरं काय ते सांगितलं होतं. त्या माणसाने डोळे पुसून आपला चांगला चष्मा घालून ठेवलेला. मी चिठ्ठी खिशात दाबून बसलो होतो. सांगावं असं वाटत होतं, आणि वाटत होतं, तुझ्या हातून थोडंसं राहिलं असेल. लढाई सुरू झाली. काका म्हणाला, ‘आता डावीकडे बघा हं, डावीकडे.’ यान फुटलं. खरं सांगतो, असं देखणं ते आम्हीही कधी पाहिलं नव्हतं. काळं कसं खोल काळं, तारे जागच्या जागी. डावा कोपरा रिकामा. चष्मेवाले म्हणाले, ‘कुठे हो?’ काका म्हणाला, ‘थांबा, पुढे उलटा लागतो, मग उजवीकडून येईन.’ पुढे उलटा लागला. उजवीकडेही नव्हता. तो संपेपर्यंत तसाच बसला. मग चष्मेवाल्यांना म्हणाला, ‘पोरीने काम काय केलंय बघा. एक डाग म्हणून ठेवला नाही.’ उठला, आणि दारापाशी जाऊन चपला घालताना त्याने तो हात खिशात घातला. मुंगी, लोकांनी बघून नाकं मुरडली, लग्न मोडलं, लहान मुलं घाबरून रडली, पण तो हात त्याने कधी झाकला नव्हता. पहिल्यांदा झाकला. तेव्हापासून तो तसाच खिशात आहे. दुकानात गिऱ्हाईक आलं की एका हाताने किल्ली घासायला बघतो. काल आईने वाढायला ताट पुढे केलं तर डावा हात मांडीखाली.

हे वाचून तू रडत बसशील, म्हणून लिहू नको असं आई म्हणत होती. पण रडण्यासाठी हे लिहिलेलं नाही. तू म्हणाली होतीस की मालिका लोकांपुढे जायला अजून वेळ आहे, आणि जुनं चित्र तुमच्याकडे जसंच्या तसं ठेवलेलं असतं. तेव्हा एवढं कर. तो डाग परत ठेव. सर विचारतील, चिडतील, तुझ्या नोकरीवरही येईल कदाचित. ते बारीकसारीक नाही हे मला कळतं, आणि तुला नाहीच जमलं तर मी तुझ्यावर रागावणार नाही. माझा राग ज्याच्यावर आहे तो तिथेच राहील, तो कुणाला वाटून कमी होणारा नाही. फक्त ठरवायच्या आधी एकदा ते जुनं चित्र लाव, एकटीच बस आणि कोपरा मोठा करून सावकाश बघ. खऱ्यात डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं आटोपलं होतं, पण तिथे तो हात अगदी निवांत आत येतो, बोटं उघडतात, दोऱ्याला लागतात, आणि यानाचं नाक वर येतं. मग उजेड होतो. घरात त्याचा त्या वयातला एकही फोटो नाही. तू त्याला ओळखलं नाहीस याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तू ओळखणार तरी कशी? तू तो हात पाचही बोटांचा कधी पाहिलाच नव्हतास.

तुझाच,
आणि त्या हाताचा थोरला भाऊ,
बाबा